आठ नंबरची माती

अहिरे मॅडमच्या पर्समध्ये कायम दोन चमचे असायचे. एक डब्यातला भात खायला, दुसरा माती उकरायला. मातीच्या चमच्याला लाल दोरा बांधलेला असे आणि तो स्पिरिटच्या बोळ्यात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवलेला असे. तरीही त्यांच्याबरोबर डबा खायला बसलं की मी आधी दोरा कुठे आहे ते बघून घ्यायचो. त्यांच्या ते लक्षात यायचं. "खा हो कुलकर्णी सर," त्या म्हणायच्या, "मातीतले जंतू सगळेच वाईट असते तर जगात एक रोप उभं राहिलं नसतं."

धुळ्याला, देवपूरमधल्या एका कॉलेजात आम्ही दोघं शिकवत होतो. त्या सूक्ष्मजीवशास्त्र, मी वनस्पतिशास्त्र. ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं असताना मी सातारा सोडून तिथे रुजू झालो. खानदेशाबद्दल मला माहिती अशी दोनच गोष्टींची होती, ऊन आणि भरीत. माझ्याजवळ एक दुर्गुणही होता, जो तेव्हा मला सद्गुण वाटायचा. तो म्हणजे शुद्धलेखन. वडील मराठीचे शिक्षक, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ आमच्या घरात जेवणाच्या ताटाबरोबर वाढले जायचे. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्यांवरच्या वेलांट्या आणि मात्रा मी मनातल्या मनात दुरुस्त करत जायचो. देवपुरात मला पुष्कळ काम होतं.

पहिल्याच आठवड्यात एक ठेंगणीशी, सावळी बाई हातात दुधाची बरणी घेऊन कॉलेजच्या पायऱ्या चढताना दिसली. साडीचा पदर खोचलेला, पायांत साध्या चपला. मला वाटलं, कॅन्टीनला दूध आलं. मी जरा अधिकाराने म्हणालो, "आज चहा लवकर मिळेल म्हणायचा!" बाईंनी बरणीचं झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलं. आत उकडलेल्या बटाट्यांचं पाणी होतं.

"बुरशीचं जेवण," त्या म्हणाल्या. "तुम्ही नवे दिसता. मी अहिरे, मायक्रोबायोलॉजी."

प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला बटाट्याचा काढा लागतो. कॉलेजातला गॅस कधी असे, कधी नसे, म्हणून त्या घरीच बटाटे उकडत. पाणी कॉलेजात येई आणि बटाटे घरच्या भाजीत जात. त्यांचे यजमान एसटीच्या धुळे स्टँडवर कंट्रोलर होते, अतिशय शांत माणूस. त्यांची एकच तक्रार मी ऐकली आहे. ते म्हणाले होते, "आमच्याकडे सत्त्व बुरशी पिते आणि चोथा आम्ही खातो." वैशाख पौर्णिमेला त्यांच्याकडे खिरीचं बोलावणं असायचं. बुद्धवंदना झाली की वाट्या भरल्या जात, आणि त्या दिवशी तरी पानात बटाटा नसे.

मॅडमचा सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता. हरभऱ्यावर मर नावाचा रोग येतो. जमिनीतली बुरशी मुळातून शिरते, आणि काल हिरवंगार असलेलं रोप आज मान टाकतं. मॅडमचं माहेर धरणगावच्या पलीकडचं. लहानपणापासून त्यांनी वाळलेली वावरं पाहिली होती. पण सगळं वावर वाळलं तरी त्यात कुठेतरी एखादा तुकडा हिरवा राहतो, हेही पाहिलं होतं. इतर लोक वाळलेल्याकडे बघायचे, या त्या हिरव्या तुकड्याकडे बघत बसायच्या.

"पाणी तेच, बियाणं तेच, बुरशी तीच," त्या मला सांगत. "मग एवढ्याच जागी का मरत नाही? तिथे जमिनीत कोणीतरी राखण करतंय. तो कोण, एवढंच मला शोधायचंय."

तो राखणदार म्हणजे एखादा जिवाणू. झाडाखालच्या कुजलेल्या पाचोळ्यात, मुळांशी चिकटलेल्या मातीत असे असंख्य जिवाणू असतात आणि त्यातले पुष्कळ अजून कोणी ओळखलेलेही नाहीत. मॅडम चिमूटभर माती पाण्यात कालवून प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवायच्या, उगवलेला एकेक ठिपका वेगळा काढायच्या. मग नव्या बशीत मधोमध मरची बुरशी ठेवून कडेला तो ठिपका लावायच्या. बुरशी पांढरी, कापसासारखी पसरत जाते. बहुतेक वेळा ती त्या ठिपक्याला गिळून पुढे जाई. मॅडम बशी उजेडात धरून बघायच्या, "हा नाही," म्हणायच्या आणि वहीत फुली मारायच्या. त्यांच्या त्या वह्यांतल्या फुल्या पाहून मलाच थकवा यायचा. त्यांना येत नसे.

माती गोळा करायची त्यांची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. रविवारी एसटीने त्या स्वतः हिंडत. कधी पिंपळनेरकडच्या सागाच्या रानात, कधी रावेरकडच्या केळीत. जिथे जाणं जमत नसे तिथल्या शेतकऱ्याला पोस्टकार्ड टाकत. तो शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत माती भरून, ती कापडी पिशवीत घालून कंडक्टरच्या हाती देई. धुळे स्टँडवर अहिरेसाहेब ती उतरवून घेत. कापडी पिशवी त्याच गाडीने परत जायची, कारण दुसऱ्याची पिशवी ठेवून घेणं मॅडमना आवडत नसे. प्लॅस्टिकची पिशवी कॉलेजात यायची. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी हवीच, माती कुठली ते लिहिलेली. चिठ्ठी नसेल तर ती पिशवी त्या बागेत रिकामी करत, मग ती कितीही लांबून आलेली असो. "जिला चिठ्ठी नाही ती माती नाही, नुसती धूळ," असं त्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, आणि "धुळ्यात धुळीला तोटा नाही" अशी पुस्ती आम्ही जोडायचो.

आणखी एक गोष्ट. आलेली माती त्या आधी हुंगायच्या. डोळे मिटून, पिशवीत नाक घालून. रानाची माती, वावराची माती, गुरं बसलेल्या जागेची माती त्यांना वासावरून कळे. मी एकदा गंमत म्हणून तीन वाट्यांत माती झाकून ठेवली. त्यांनी तिन्ही ओळखल्या आणि वर म्हणाल्या, "तिसरी तुमच्या कुंडीतली. पाणी जास्त घालता."

वर्गात त्यांची मराठी अगदी स्वच्छ, पुस्तकासारखी असे. पण आनंद झाला किंवा राग आला की त्या एकदम खानदेशी व्हायच्या. "बठ्ठा गोंधळ करी ठेवा!", म्हणजे सगळा गोंधळ करून ठेवला, असं ऐकू आलं की समजावं, कोणीतरी निर्जंतुक न केलेली सुई वापरली. मला ती बोली पहिल्या वर्षी अजिबात कळत नसे. ऐकायला गोड वाटे, पण ती लिहायचीही भाषा असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या पहिल्याच हिवाळ्यात मॅडमना आठवडाभर जळगावला एका प्रशिक्षणाला जावं लागलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "पिशव्या येतील. चिठ्ठ्या बघून तेवढ्या रजिस्टरात चढवून ठेवाल का? तुमचं अक्षर चांगलं आहे." मला बरं वाटलं. अक्षराची स्तुती केली की माझ्याकडून काहीही करून घेता येतं.

त्या आठवड्यात बऱ्याच पिशव्या आल्या. एकीतल्या चिठ्ठीवर "मर लागेल वावर" असं लिहून खाली पंडितभाऊंचं नाव आणि गाव होतं. हे पंडितभाऊ मॅडमच्या माहेरचे. मी "मर लागलेले वावर" असं शुद्ध करून घेतलं, धरणगावजवळचा नमुना म्हणून नोंद केली. तिच्याबरोबरच्या दुसऱ्या एका पिशवीत माती आणि पाचोळा होता. चिठ्ठीवर जांभळ्या शाईत एकच शब्द, नाव नाही, गाव नाही. मी वाचला, "आठ". रजिस्टरात प्रत्येक जागेला एक नंबर असे आणि आठ नंबर आधीच होता. पिंपळनेर, सागाखालचा पाचोळा. मॅडम एकेका ठिकाणाच्या दोन-दोन पिशव्या आणत, तेव्हा ही आठचीच दुसरी पिशवी असणार. मी सुरेख अक्षरात लिहिलं, "८, पिंपळनेर, दुसरी पिशवी". चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात टाकल्या आणि कामगिरी फत्ते झाल्याच्या आनंदात घरी गेलो.

मॅडम परत आल्यावर त्यांनी रजिस्टर पाहिलं, माझी पाठ थोपटली. "भाऊंनी एकच पिशवी पाठवली वाटतं," एवढं म्हणाल्या. मग सवयीप्रमाणे एकेक माती हुंगू लागल्या. आठच्या दुसऱ्या पिशवीशी त्या थबकल्या.

"ही पिंपळनेरची?" त्या म्हणाल्या. "हिला रानाचा वास नाही, सर. हिला वावराचा वास आहे. आणि काळीही जास्त आहे."

"ओली असेल," मी म्हणालो. "चिठ्ठीवर आठ आहे ना."

त्यांनी पुन्हा एकदा हुंगली. मग, "चिठ्ठीवर आहे म्हणजे आहे," म्हणाल्या आणि पिशवी ठेवली. चिठ्ठीला मानायचं हा त्यांचाच नियम होता.

त्या पिशवीतून तो निघाला. संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. मी वर्गातून येत होतो, तर प्रयोगशाळेच्या दारातून मॅडमनी मला हाक मारली नाही, हाताला धरून आत ओढलं. बशी उजेडात धरली होती. पांढरी बुरशी तीन बाजूंनी पसरली होती आणि चौथ्या बाजूला एका रेषेवर येऊन थांबली होती. तिच्या आणि त्या फिकट पिवळ्या ठिपक्याच्या मध्ये बोटभर रिकामी जागा होती, स्वच्छ, अंगण झाडून ठेवल्यासारखी. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वहीत पहिल्यांदा फुलीऐवजी गोल काढला गेला.

पुढचे काही महिने त्यांचे होते. कुंड्यांत हरभरा लावला. सगळ्या कुंड्यांत मरची बुरशी घातली आणि निम्म्यांत तो जिवाणू, ज्याला आम्ही आता आठ नंबर म्हणायचो. उरलेली आठ नंबरची माती त्या कुंड्यांतच संपली. आठ नंबरच्या कुंड्यांतली रोपं उभी राहिली. पुण्याच्या एका संस्थेकडे त्यांनी जिवाणूची नळी पाठवली. तिकडून उत्तर आलं की आमच्याकडच्या कुठल्याही नोंदीशी हा जुळत नाही. हा नवा आहे असं म्हणायचं असेल तर त्याच जागेच्या मातीतून तो पुन्हा वेगळा करून पाठवा. मॅडमनी ते पत्र स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं आणि पेढेही दिले. पीएचडीचा प्रबंध आता याच्यावरच उभा राहणार होता.

मग मे महिन्यात, कॉलेज बंद असताना, फ्रीज बंद पडला. किती दिवस बंद होता ते कोणालाच कळलं नाही. जूनमध्ये दार उघडलं तर सगळ्या नळ्यांमध्ये हिरवी-काळी बुरशी माजली होती. पुण्याला कळवलं, तर त्यांच्याकडची नळीही पुढे वाढत नव्हती. मॅडम रडल्या नाहीत. "जागा माहीत आहे ना," त्या म्हणाल्या. "पुन्हा काढू."

त्या पिंपळनेरला गेल्या. सागाखालून पाचोळा आणला. काही नाही. पावसानंतर गेल्या, हिवाळ्यात गेल्या, पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या. एकदा मीही बरोबर होतो. त्या एकेका सागाखाली गुडघे टेकून लाल दोऱ्याच्या चमच्याने माती उकरत होत्या, हुंगत होत्या आणि मान हलवत होत्या. वह्या पुन्हा फुल्यांनी भरू लागल्या.

दोन वर्षं अशी गेली आणि कुजबुज सुरू झाली. पीएचडीच्या मार्गदर्शकांचं पत्र आलं. शब्द सभ्य होते, पण विचारलेलं एवढंच होतं की तो जिवाणू खरोखर होता ना. एके दिवशी स्टाफरूममध्ये आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक कोणाकडेही न बघता म्हणाले, "होतं असं. काही लोकांना पुढे जायची फार घाई असते." 'काही लोक' म्हणजे कोण, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं आणि प्रत्येकाने आपापल्या कपात बघितलं. मीही बघितलं. त्याची लाज मला आजही वाटते.

मॅडमनी चहा ढवळला. "घाई आमच्या आजीला होती, सर," त्या सरळ आवाजात म्हणाल्या. "पाण्याची. विहिरीपाशी घागर घेऊन बसायची, कोणी वरून ओतेपर्यंत. दुपार व्हायची. थांबायची सवय आम्हाला घरातूनच आहे." एवढं बोलून चहा संपवला, कप धुतला आणि तासाला गेल्या.

त्या खोट्या नाहीत हे मला माहीत होतं. ती बशी मी डोळ्यांनी पाहिली होती. पण नुसतं मला माहीत असून काय उपयोग? सरळ चालणाऱ्या त्या बाईच्या खांद्यांत एक वाक आला होता. हुंगणंही कमी झालं होतं. "नाकावर भरवसा राहिला नाही," असं एकदा म्हणाल्या.

फ्रीज बंद पडल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी प्रयोगशाळेच्या दारात टोपी घातलेला एक उंच माणूस उभा राहिला. हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी. पंडितभाऊ. धुळ्याला कोर्टात काही काम होतं, ते आटोपून गावच्या लेकीला भेटायला आले होते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. डहाळे टेबलावर ठेवले गेले आणि आम्ही तिघं घाटे सोलून खाऊ लागलो.

"ताई, त्या माटीनं काय व्हयनं?" भाऊंनी विचारलं. "तीन वरीस व्हई ग्यात."

"तुमनी माटीमा काही सापडनं नई, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मरनी बुरशी तेवढी सापडनी."

"कोनती माटीमा? मरवाली का चांगली?"

"चांगली कोठे धाडी तुमी? एकच पिशवी उनी."

भाऊंचा हात घाट्यावर थांबला. "दोन धाड्यात ना, ताई! करंजखालनी बी धाडी व्हती, पाचोळासुद्धा. तठे हरभरा कधीच मरत नई. चिठ्ठी बी टाकेल व्हती. तुमी कार्डमा लिखं व्हतं ना, जठे मरत नई ती जागा चिठ्ठीवर लिखा. मंग मी करंजखाले उभा ऱ्हाईसन लिखं, 'आठे'."

आठे. म्हणजे इथे. तोवर मला खानदेशात साडेतीन वर्षं झाली होती. "आठे बसा", "आठे या", "आठे ठेवा" हे मी रोज ऐकत होतो. रिक्षावाला म्हणे, भाजीवाली म्हणे, आमचा शिपाई म्हणे. पण कानावर पडणारा तो शब्द आणि त्या चिठ्ठीवरचा शब्द यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. मी उठलो, कपाटावरून बुटांचं खोकं काढलं आणि चिठ्ठ्या टेबलावर उलट्या केल्या. जांभळी शाई लगेच सापडली. 'आठे'. ठ वरची मात्रा चांगली ठसठशीत होती. भाऊंनी शाळेत कित्ता नीट गिरवलेला असणार.

मी चिठ्ठी मॅडमच्या हातात दिली आणि काय केलं होतं ते सांगितलं. त्यांनी तो कागद बशीसारखा उजेडात धरला.

"मात्रा दिसली नव्हती का तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. शाई पुसट होती, घाईत होतो, काहीही. पण त्यांच्यासमोर ते जमेना. "दिसली होती," मी म्हणालो. "मला वाटलं अशुद्ध लिहिलंय. मी शुद्ध केलं."

भाऊ एकदा माझ्याकडे, एकदा ताईंकडे बघत होते. मॅडम रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू म्हणाल्या, "आमचं लिहिणं तुम्हाला चुकीचं वाटलं. आणि माझं नाक मला चुकीचं वाटलं. मी हुंगलं होतं, सर. ते वावरच होतं." मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम उठून उभ्या राहिल्या. "भाऊ, करंज शे ना अजून? तोडा तर नई?" करंज आहे ना अजून, तोडला तर नाही?

"शे ना. त्याले काय व्हस?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. बांधावर करंज उभा होता, फार मोठा नाही. त्याच्याखाली हरभऱ्याचा एक तुकडा हिरवा होता आणि त्याच्या पलीकडे रोपं माना टाकून पडली होती. इतकं स्पष्ट की मलाही दिसलं. मॅडमनी चपला काढल्या, गुडघे टेकले, पाचोळा बाजूला सारला, लाल दोऱ्याच्या चमच्याने माती घेतली आणि डोळे मिटून हुंगली. बराच वेळ हुंगली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसल्या. दोन वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

चिठ्ठी त्यांनी मला लिहायला लावली. मी गावाचं नाव लिहिलं, भाऊंचं नाव लिहिलं, करंजाखालून असं लिहिलं. "आणि वर?" त्या म्हणाल्या. मी वर लिहिलं, 'आठे'. भाऊंनी मान पुढे काढून मात्रा तपासली.

तरी खात्री कुठे होती? तीन वर्षांत जमिनीत काय राहिलं, काय गेलं, कोण सांगणार. पुन्हा बटाट्याचं पाणी, पुन्हा बशा, पुन्हा फुल्या. आठवडा गेला, दुसरा गेला. अहिरेसाहेब न कुरकुरता भाजी खात होते. एका सकाळी मी प्रयोगशाळेत डोकावलो तर मॅडम खिडकीत उभ्या होत्या. हातातली बशी उजेडात धरलेली, आणि बशीतल्या त्या फिकट पिवळ्या ठिपक्याला त्या म्हणत होत्या, "उना का रे भाऊ? कितली वाट दखाडी!" आलास का रे, किती वाट पाहायला लावलीस. बुरशी रेषेवर थांबली होती. मध्ये बोटभर अंगण.

त्या दिवशी मधल्या सुटीत मी स्टाफरूममध्ये उभा राहिलो. चूक कोणाची होती आणि कशी झाली ते सगळ्यांसमोर सांगितलं, मात्रेचंही. ज्येष्ठ प्राध्यापकांनी पेपर वर धरला, पण तो त्यांनी उलटा धरला होता असं शिपायाने मला नंतर सांगितलं.  बाहेर पडताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "चहा तुमच्याकडून." पुण्याच्या संस्थेला आणि मार्गदर्शकांना पाठवलेल्या खुलाशात त्यांनी लिहिलं की स्थानिक बोलीतली चिठ्ठी प्रयोगशाळेत चुकीची वाचली गेली. कोणी वाचली ते लिहिलं नाही. मी खूप म्हटलं, तरी लिहिलं नाही.

संस्थेने दुसऱ्यांदाही तेच कळवलं, हा आमच्याकडे नाही. आता त्यांनी तो आपल्या संग्रहात ठेवून घेतला. नंबरच्या जागी मॅडमनी 'आठ' खोडून 'आठे' लिहिलं होतं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे कसलं नाव? मॅडम म्हणाल्या, "नाव नाही, सर, पत्ता आहे." डॉक्टर अहिरे झाल्यावर त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आधी धरणगावच्या गाडीत बसल्या.

हा जिवाणू शेतात नेल्यावर सगळीकडे चालला, असं मात्र नाही. काही वावरांत तो राखण करी, काहींत गप्प बसे. कोणी कौतुक करू लागलं की मॅडम हे आधी सांगत. "अजून त्याची न् माझी नीट ओळख व्हायचीय," म्हणत आणि पुन्हा पिशवीत नाक घालत. पण आता चिठ्ठी आणि नाक यांचं जमलं नाही, तर त्या चिठ्ठी लिहिणाऱ्याला कार्ड टाकून विचारायच्या. नियमात झालेला बदल तेवढाच.

नव्वदचं दशक निम्मं झालं तेव्हा आई आजारी पडली आणि मी साताऱ्याकडे बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी मॅडम स्टँडवर आल्या. अहिरेसाहेबांनी खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती. गाडी सुरू झाल्यावर मॅडमनी खिडकीतून एक प्लॅस्टिकची पिशवी आत दिली. मला वाटलं, शेव असेल. पिशवी रिकामी होती. आत नुसती एक चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरात. 'तठे'. तिथे.

"तुमच्याकडच्या एखाद्या झाडाखालची पाठवा," त्या गाडीबरोबर चालत म्हणाल्या. पदर खोचलेला होता, खांदे सरळ होते. फलाटाच्या टोकाशी त्या थांबल्या आणि हात वर केला. त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या मळ्यातल्या आंब्याखाली मी पाचोळा सारून माती घेतली. दोरा नव्हता, पण चमचा नवा घेतला. आधी हुंगली. मला काही कळलं नाही, तरी हुंगली. मग त्यांची चिठ्ठी आत टाकायला गेलो आणि हात थांबला. त्या देवपुरात बसून लिहितील तर ते 'तठे' बरोबर होतं. मी तर इथे उभा होतो. मी ते खोडलं, खाली 'आठे' लिहिलं, मात्रा जरा ठळक काढली, मग गावाचं नाव घातलं आणि पिशवी पोस्टाने पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. मायना नाही, ख्यालीखुशाली नाही. मधोमध दोनच ओळी.

"पिशवी पोचली. मात्रा दिसली."